पायलटाचं नसलेलं जॅकेट

भिलाईत चामड्याचं जॅकेट अंगात घालायला डिसेंबरचा शेवट आणि जानेवारी, एवढेच दिवस मिळतात. उरलेलं वर्ष ते जपण्यात जातं. जुलैमध्ये कपाट उघडलं की कॉलरवर हिरवट बुरशी बसलेली असते, ओल्या कुत्र्यासारखा वास खोलीभर पसरतो आणि आई स्वयंपाकघरातून ओरडते, "काढलं का तू ते ढोराचं कातडं? दार लाव आधी!" मग मी बाल्कनीत बसून मऊ फडक्याने बुरशी पुसते, तेल लावते, सावलीत वाळवते. खालून जाणारे लोक वर बघतात आणि नाकाला हात लावतात. निदान मला तसं वाटतं.

मी कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवते. घर भिलाईतल्याच मरोद्यात, वडील पोलाद कारखान्यातून रिटायर झालेले. आमच्या घरात चामड्याची एकच वस्तू पूर्वी होती, वडिलांचे कोक ओव्हनच्या भट्टीवरचे हातमोजे. घामाने आणि आचेने ते इतके कडक झालेले की जमिनीवर उभे राहायचे. आईने ते कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत. त्याच घरात पोरीने एकामागून एक चामड्याची जॅकेटं आणून टांगावीत, हे तिला आजही पटलेलं नाही.

जॅकेटं म्हणजे जुन्या लढाऊ वैमानिकांच्या धर्तीवरची. कमरेला आणि मनगटाला विणलेली पट्टी, पितळी चेन, काहींच्या कॉलरला मेंढीची लोकर. पहिलं मला हिवाळ्यात तिबेटी लोक स्वेटरचा बाजार लावतात तिथे, जुन्या कोटांच्या ढिगात सापडलं. दुसरं कानपूरला शिवून घेतलं. पुढची कुठून कुठून आली. पहाटेच्या बॅचला स्कूटरवरून जाताना ते अंगावर असलं की धुक्यातून वारा आत शिरत नाही आणि पोरंही वर्गात जरा कमी बोलतात.

हे वेड मला लावलं ते भिलाईजवळच्या नंदिनी नगरमधल्या एका काकांनी. वडिलांचे गाववाले, भंडाऱ्याकडचे. तरुणपणी एअरफोर्समध्ये इंजिनं दुरुस्त करायचे, तिथून निवृत्त होऊन नंदिनीच्या खाणीत वर्कशॉपला लागले. त्यांच्या घरी दाराच्या मागे एक तपकिरी जॅकेट टांगलेलं असायचं. कुठल्याशा थंड ठिकाणी पोस्टिंग होतं तेव्हा एका पायलटने बदलीवर जाताना त्यांना दिलेलं. चेनचं टोक तुटलं तेव्हा काकांनी पितळेचा एक वॉशर घासून तिथे बसवला होता, आणि आतला फाटका खिसा काकूंनी पिवळ्या दोऱ्याने शिवला होता, कारण त्या दिवशी घरात तपकिरी दोरा नव्हता. लहानपणी मी गेले की काका ते माझ्या खांद्यावर टाकायचे. बाह्या गुडघ्यापर्यंत यायच्या. त्याला बाम, बिडी आणि ग्रीस असा मिळून एक वास होता. पुढे दम्याने बिडी सुटली, पण वास राहिला.

आता त्या माणसाबद्दल सांगते, ज्याच्यामुळे हे सगळं लिहायची वेळ आली.

रायपूरला एक गृहस्थ आहेत. मूळ मराठी, पण चार पिढ्या तिथेच. टाइल्सचा मोठा धंदा आहे. आमच्यासारख्या जॅकेटवेड्यांचा फोनवर एक ग्रुप आहे, तो त्यांनीच बनवला. दर हिवाळ्यात ते एका हॉलमध्ये सगळ्यांना बोलवायचे. पहिल्या भेटीतच मला त्यांच्या बोटांची किळस आली होती. पांढरी, गुबगुबीत, क्रीम चोपडलेली बोटं. कुणाचंही जॅकेट दिसलं की न विचारता ती बोटं आत शिरायची, अस्तर चाचपायची, काखेत जायची, आणि मग ते बोटं नाकाशी नेऊन डोळे मिटायचे. "वाह! ह्यात माणूस आहे," म्हणायचे. त्यांना नवीन जॅकेट आवडायचं नाही. माझ्या कानपुरी जॅकेटला ते 'कोरी वही' म्हणायचे. त्यांना घामाचे डाग, फाटलेल्या बाह्या, कुणाचं तरी नाव लिहिलेली पट्टी असं हवं असायचं. मी मनात म्हणायचे, असतो एकेकाचा छंद. चामडं त्यांना खरंच कळायचं, त्यामुळे मी त्यांच्याशी बोलत राहिले.

मागच्या वर्षी दिवाळीनंतर काका गेले. हॉस्पिटलमध्ये, पलंगावर, ऑक्सिजन लावलेला असताना. आईवडील मातीला जाऊन आले. मला परीक्षांमुळे जमलं नव्हतं. तेरवीच्या आधी भेटून यावं असं ठरवत होते, तेवढ्यात रायपूरच्या गृहस्थांचा फोन आला.

"ताई, तुम्ही सांगायच्या ते जॅकेटवाले एअरफोर्सचे काका गेले म्हणे नंदिनीत. त्यांच्या मुलाने घरासाठी आमच्याकडूनच टाइल्स नेल्या होत्या. मी त्या साइडला येऊनच राहिलो, तुम्हाला पिकअप करतो. दो मिनट बैठेंगे, बस."

मला बरंच वाटलं. म्हटलं, माणूस वाटतो तेवढा वाईट नाही.

काकांच्या घरी पुढच्या खोलीत सतरंजी घातलेली होती. कोपऱ्यात काकांचा फोटो, हार, दिवा. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी हात पुढे केला आणि मी जाऊन शेजारी बसले. मुलाने पाणी आणलं. तो पुण्याला असतो, मराठीत सुरू करतो आणि हिंदीत संपवतो. गृहस्थांनी फोटोला हात जोडले, डोळे मिटून बराच वेळ उभे राहिले. डोळे उघडले ते थेट दाराकडे गेले. जॅकेट तिथेच होतं.

"काकू," ते मऊ आवाजात म्हणाले, "ते काकांचं ना?"

"होय जी. त्यायचंच."

"दर्शन घेऊ का?"

दर्शन हा शब्द त्यांनी वापरला. काकूंना वाटलं, हात लावून नमस्कार करणार असतील. त्यांनी मान हलवली. गृहस्थांनी जॅकेट खुंटीवरून काढलं, उलटं केलं, काखेत नाक घातलं. मग सरळ अंगात चढवलं. त्या खोलीत, दिव्यासमोर, काकूंच्या समोर. पोटावर चेन लागेना तेव्हा श्वास आत ओढून लावली. भिंतीवरच्या छोट्या आरशात बघण्यासाठी ते वाकले तर त्यांचा धक्का हाराला लागला आणि दोन फुलं खाली पडली.

"एक फोटो काढ रे," ते मुलाला म्हणाले. "मागे पप्पांचा फोटो आला पाहिजे."

मी म्हटलं, "ते जॅकेट उतरवा. चला आपण."

"हो हो, ताई, एक मिनट." आणि काकूंकडे वळून, "काकू, तुम्ही पण या बाजूला. डोक्यावरून पदर घ्या थोडा."

काकू उठल्या नाहीत. मुलाने मात्र फोटो काढला. त्याला वाटत होतं वडिलांचा सन्मान चालला आहे. गृहस्थांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते सांगायला लागले. पुढच्या महिन्यात रायपूरला आमचं प्रदर्शन आहे, तिथे पप्पांचं जॅकेट लावू, खाली नाव लिहू, शहरातली मोठी माणसं येतात, झालं की स्वतः आणून देईन.

"मम्मी, देऊ का?" मुलाने विचारलं. "पप्पा का नाम होगा."

काकू म्हणाल्या, "वापस आणून देसान ना जी? मी तिकडं पायलं का मले ते दिसते, तर बरं वाटते."

"अरे काकू, तुमचीच अमानत."

गाडीत त्यांनी जॅकेट मागच्या सीटवर ठेवलं नाही, मांडीवर घेतलं. गाडी चालवता चालवता ते मधूनच एका हाताने कुरवाळत होते. मी काचेबाहेर बघत राहिले. "ताई, रागावल्या का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "मृत माणसाच्या घरी कुणी असं करतं का?" ते हसले. "ताई, हीच वेळ असते. नंतर भंगारवाला नेतो." मी वाटेतच उतरले आणि ऑटोने घरी आले.

प्रदर्शनाला मी जाणारच नव्हते. पण काकूंनी फोन करून विचारलं, "तू जाऊन राहिली का? कसं लावलं ते सांग मले." म्हणून गेले.

हॉलमध्ये एसी जोरात लावला होता, कारण बाहेर दुपारी चांगलंच ऊन होतं आणि सगळ्यांना जॅकेट घालून मिरवायचं होतं. तरी घाम येत होताच. घाम, सेंट, डांबराच्या गोळ्या आणि चिकन टिक्का यांचा एकत्र वास मी आयुष्यात विसरणार नाही. पोट सुटलेली, पायऱ्या चढताना धापा टाकणारी माणसं पाठीवर बॉम्बची चित्रं रंगवलेली जॅकेटं घालून एकमेकांना सॅल्यूट करत होती. एकाने मला स्वतःच्या पाठीवरचे बॉम्ब मोजायला सांगितलं. "एकेक म्हणजे एकेक हमला," तो म्हणाला. कुणावर, कुठे, ते त्याला ठाऊक नव्हतं.

काकांचं जॅकेट मधोमध, काचेच्या पेटीजवळ एका लाकडी पुतळ्यावर, चेन उघडी ठेवून चढवलेलं होतं. खाली काकांचं नाव नव्हतं. मी आधी ओळखलंच नाही, कारण डाव्या खांद्याखाली एक भोक होतं, कडा जळून काळ्या पडलेल्या. अस्तरावर, बरोबर तिथेच, गडद तपकिरी डाग पसरला होता, मध्ये जाड आणि कडेला फिका. मग मला चेनला बसवलेला पितळेचा वॉशर दिसला. मी आतला खिसा उलटा केला. पिवळा दोरा.

गृहस्थ चारपाच जणांना सांगत होते. आवाज खाली आणलेला. "ह्यात एक पायलट गेलाय. गोळी लागली तरी विमान उतरवलं त्याने. उतरवलं आणि मग गेला. फॅमिलीने मला स्वतःच्या हाताने दिलं." ऐकणाऱ्यांपैकी एकाने त्या भोकात बोट घातलं आणि दुसऱ्या बाजूने हलवून दाखवलं. दुसरा वाकून डागाचा वास घेत होता. "रियल आहे," तो म्हणाला. "लोहे जैसा आता है."

माझ्या तोंडात टिक्क्याचा घास होता. तो मी टिशूत काढला आणि टिशू पर्समध्ये कोंबला, कारण टाकायला जागा दिसेना.

"हे भोक कशाचं आहे?" मी मोठ्याने विचारलं.

गृहस्थ वळले. "ताई! या ना. ह्या मॅडम त्या फॅमिलीला ओळखतात."

"ओळखते. म्हणूनच विचारते. तो माणूस मेकॅनिक होता. मागच्या महिन्यात हॉस्पिटलमध्ये दम्याने गेला. तुम्ही त्याच्या घरातून हे मागून आणलंत तेव्हा भोक नव्हतं."

मला वाटलं, आता लोक त्यांच्यावर तुटून पडतील. एक जण म्हणाला, "असू द्या हो. लुक तर ओरिजनल आहे ना." बोट घालणाऱ्याने बोट काढून घेतलं, एवढंच झालं. गृहस्थांनी मला दंडाला धरून बाजूला नेलं. ती क्रीमची बोटं माझ्या जॅकेटवरूनही मला गिळगिळीत लागली.

"ताई, समजून घ्या. लोकांना गोष्ट लागते. मेकॅनिकचं जॅकेट कोण बघणार? मी त्यांना शहीद केलं. काय वाईट केलं? इज्जतच वाढवली."

"आणि रक्त कुणाचं आहे?"

इथे त्यांच्या चेहऱ्यावर लाज यायला हवी होती. आला तो अभिमान. "बोकडाचं. ताजं आणावं लागतं. चहाने पण रंग येतो, पण जाणकार लगेच ओळखतो."

मी बाहेर आले. पार्किंगमध्ये माझंही जॅकेट काढलं, उलटं केलं आणि अस्तर बघत उभी राहिले. ते मी त्यांच्याच ओळखीतून घेतलेलं होतं आणि कॉलरच्या आत एक तपकिरी डाग होता. तो कुणाच्या तरी मानेचा असावा असं समजून मी कैक सकाळी ती कॉलर गळ्याशी लपेटून घेतली होती. दुपारचं ऊन डोक्यावर तापत होतं आणि माझ्या मानेवर काटा आला होता.

काकूंना फोनवर सांगणं जमेना. दुसऱ्या दिवशी नंदिनीला गेले. मुलगा पुण्याला परत गेला होता. त्या एकट्याच तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी आधी पायलटाची गोष्ट सांगितली, कारण ती सोपी होती.

काकूंनी सूप खाली ठेवलं. मग हसायलाच लागल्या. डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या. "पायलट? अवं पोरी, ते तं विमानात बसायलेच भेत! सुट्टीवर येताना मिलिटरीच्या विमानात जागा भेटे, तरी रेल्वेनंच येत. म्हणत, मी त्याले आतून पायलं आहे, मी नाई बसत."

मीही हसले. मग रक्ताचं सांगितलं.

त्यांचं हसणं हळूहळू बंद झालं. "कोनाचं म्हणली?"

"बोकडाचं, काकू."

काकांच्या घरात जन्मभर अंडंसुद्धा आलं नव्हतं. काका लग्नातही मटणाच्या पंगतीपासून लांब बसायचे. काकूंनी सूप उचलून बाजूला केलं, जणू त्या तांदळालाही काही लागलं असतं. "उद्या चाल माह्यासंगं," एवढंच म्हणाल्या.

आम्ही बसने रायपूरला गेलो. दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांची जॅकेटांची खोली होती. दार उघडताच थंड, बंद हवा अंगावर आली. हँगरला रांगेने टांगलेली ती जॅकेटं, बाह्या खाली लोंबणाऱ्या, खाटकाच्या दुकानात बघावं तशी दिसत होती. गृहस्थांनी काकूंसाठी खुर्ची पुढे केली, चहा सांगितला. काकू बसल्या नाहीत.

"आमचं आणा जी."

त्यांनी आणलं. काकूंनी ते दोन्ही हातांत घेतलं, डागाकडे बघितलं नाही, कॉलर नाकाशी धरली. मग काख. मग खिसा. लेकरू हुंगावं तसं त्या हुंगत होत्या, पुन्हा पुन्हा, जागा बदलून. गृहस्थ त्या वेळी घड्याळ बघत होते.

"नाई," त्या म्हणाल्या. "वासच नाई. हे त्यायचं नाई रायलं."

"काकू, क्लीनिंग केलं थोडं. केमिकल लागतं ना," गृहस्थ म्हणाले, आणि मग जरा आशेने, "मग राहू द्यायचं का इथे?"

काकूंनी जॅकेट टेबलावर ठेवलं. "हात कुठी धुवाचे?"

त्यांनी बाथरूम दाखवली. आत नळाचा आवाज खूप वेळ येत राहिला. बाहेर आल्या तेव्हा कोपरापर्यंत हात ओले होते. गृहस्थांनी टॉवेल दिला, तो घेतला नाही, पदराला पुसले.

"तुमचे वडील आहेत का जी?"

"नाही काकू. दोन वर्षं झाली."

"त्यायचे कपडे काय केले?"

"दिले. दान केले."

"कावून? रक्त लावून टांगाचे होते ना इथी."

चहा घेऊन आलेली बाई दारातच थांबली. काकूंचा आवाज चढला नव्हता, भाजीवाल्याशी बोलावं तसाच होता. त्यांनी चपला घातल्या आणि जिना उतरायला लागल्या. गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाले, "ताई, ह्यांना समजवा ना. इमोशनल झाल्या." मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आमच्या मरोद्यातल्या नळावर ते शब्द मी लहानपणी शिकले होते, आणि ते बोलताना मला फार बरं वाटलं.

परतीच्या बसमध्ये वाटेतल्या कुम्हारीला काकू माझ्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "त्या पोराले नको सांगू. बापाचा सत्कार झाला समजून खुश आहे." मी मान हलवली. थोड्या वेळाने त्या माझ्या खांद्याला टेकून झोपल्या. त्या दिवशी मी साधा स्वेटर घातला होता.

त्यानंतर मी ग्रुप सोडला. घरी सगळी जॅकेटं पलंगावर काढली आणि ज्यांच्यामागे कुणाची तरी गोष्ट जोडून दिलेली होती ती वेगळी केली. त्यांच्यावरच्या नावांच्या पट्ट्या उसवल्या. डागवाल्या कॉलरचं जॅकेट मी पोत्यात घालून गच्चीवर ठेवलं, कारण ते कुणाला द्यायचीही मला शिसारी येत होती. पुढच्या पावसाळ्यात ते सडलं आणि आईने नाकाला पदर लावून ते बाहेर फेकायला लावलं. त्या एका बाबतीत आमचं दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं.

परवा क्लासमधल्या एका सरांनी मला फोनवर एक फोटो दाखवला. त्यांना कुठून तरी आला होता. तेच जॅकेट, तेच भोक. खालची गोष्ट आता वाढली आहे. पायलटाला गाव मिळालं आहे, वाट बघणारी आई मिळाली आहे, मरतानाचे शेवटचे शब्दसुद्धा मिळाले आहेत. सरांचे डोळे भरून आले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, बोकडासकट. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असेल मॅडम, पण वाचताना कसं भरून येतं बघा." आणि माझ्यासमोरच त्यांनी तो फोटो पुढे आणखी कुणाला तरी पाठवला.